सामायिक लेझर यंत्राची निगा



ऊसविकासाच्या पानावर लेझरचे काय काम, असे कुणी विचारील. पण आपल्या गटातील काही तरुण मंडळी 'सगळ्यांत मिळून एक लेझर कटिंग मशीन घ्यावे काय?' असे विचारू लागली आहेत. मी मूळचा चंद्रपूरकडचा. तिकडे बांबूच्या कामाला हे यंत्र फार उपयोगी, म्हणून त्याच अंगाने सांगतो.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली वनहक्क मिळाले आणि २०११ साली बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. नुसता बांबू विकण्यापेक्षा वस्तू करून विकली तर चार पैसे गावात राहतात. इकडे पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ सालापासून फॅब लॅब आहे. तेव्हा खेड्यात असले यंत्र चालत नाही, हे म्हणणे खरे नाही. चालते, पण निगा राखली तरच.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे काचेची नळी. तिच्यातून सतत पाणी फिरावे लागते व ते साधारण १५ ते २५ अंशांवर असावे लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बादलीतले पाणी तासाभरात चहासारखे होते, किरणाचा जोर उतरतो, आणि मंडळी बटण आणखी वर चढवतात. नळी मरते ती इथे! तेव्हा चिलर घ्यावा, नाही तर उन्हाळ्यात काम पहाटे उरकावे. पाणी बोअरचे नको, क्षार धरतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरावे व शेवाळ दिसण्याआधीच बदलावे. नळीचे पाणी बाहेर पडण्याचे तोंड वरच्या अंगाला ठेवावे, म्हणजे हवेचा बुडबुडा अडकत नाही. बुडबुड्याच्या जागी काच तापते आणि तडकते. पावसाळ्यात उलट काळजी घ्यायची. पाणी फार गार केले तर नळीवर दव धरते व हजारो व्होल्टची वीज भलतीकडे उडी मारते.

दुसरे, आरसे. नळीतून निघालेला किरण तीन आरशांवरून भिंगात येतो. मिलच्या रोलरचे सेटिंग बिघडले की बगॅसमधून साखर जाते, तसेच इथेही. एका कोपऱ्यात फळी आरपार कापते आणि दुसऱ्या कोपऱ्यात नुसती करपते. आरशासमोर कागदी चिकटपट्टी लावून अगदी कमी जोराचा एक ठिपका मारावा. मग वाहक दूर नेऊन त्याच पट्टीवर दुसरा मारावा. दोन्ही एकावर एक पडले पाहिजेत. क्रम पहिला, दुसरा, तिसरा असाच ठेवावा, नाही तर दिवसभर स्क्रू पिळत बसाल. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून १०.६ मायक्रॉनच्या लेझरसाठीचा चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडू नये.

बांबू आणि ऊस एकाच गवताच्या कुळातले, हे आपल्याला सांगायला नको. बांबूलाही पेरे असतात, आणि पेऱ्याची गाठ कांड्यापेक्षा घट्ट असते. कांड्यावर बसवलेला जोर गाठीवर अपुरा पडतो. पट्टी ओली असेल तर कडा काळ्या होतात आणि वाकडी असेल तर मध्येच फोकस सुटतो. म्हणून पट्टी वाळवावी, रंधून सपाट करावी, भिंगापासूनचे अंतर दर वेळी गेजने मोजावे आणि टाकाऊ तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी. बांबूच्या धुराचा चिकट थर भिंगावर बसतो. भिंग थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलके पुसावे. शर्टाच्या टोकाने कदापि नाही. परत बसवताना फुगीर बाजू वर ठेवावी.

पीव्हीसी व रेक्झिन या यंत्रात घालायचेच नाही. त्यातून निघणारा आम्लधर्मी वायू छातीला बाधतो आणि यंत्राचे लोखंडही खातो. पाइपाचा तुकडा घरोघरी पडलेला असतो, म्हणून कुणीतरी तो घेऊन येणारच. नाही म्हणायला कुणीतरी एक जण नेमलेला हवा. काम चालू असता चहाला उठून जाऊ नये, कारण सुका बांबू पेटायला वेळ लागत नाही. कार्बन डायॉक्साइडचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.

सामायिक मालकीत खरी अडचण यंत्राची नसते. बारभाईंच्या कारभारात पाणी कोणी बदलायचे, हेच ठरलेले नसते. किल्ली एकाकडे द्या, त्याला थोडा मोबदला द्या आणि एक वही ठेवा : तारीख, कोणी वापरले, किती तास, पाण्याचे तापमान, भिंग कधी पुसले. नळी किती तास चालली हे त्या वहीतूनच कळते व नव्या नळीसाठी तासामागे किती वर्गणी बाजूला काढायची, तेही ठरवता येते. यंत्र घेण्याआधी अर्थिंग मात्र चांगल्या वायरमनकडून करून घ्या. खड्डा कोळसा-मिठाचा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचे कामही त्याच वहीत लिहून ठेवा.