व्हिडिओ गेमच्या विश्वातील शर्यतकथा : नियम, पण आणि उत्कंठा

प्रस्तावना

व्हिडिओ गेममधील शर्यत खेळणारा आणि तशाच शर्यतीची कथा वाचणारा यांच्या स्थितीत मूलभूत फरक असतो. खेळणाऱ्याच्या हाती गाडीचे नियंत्रण असते; वळण चुकले तर चूक त्याची आणि जिंकला तर यशही त्याचेच. वाचकाचे हात मात्र रिकामे असतात. पडद्यावरील वेग, संगीत आणि रंग यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत थेट पोहोचत नाही. म्हणूनच गेममधील शर्यत जशीच्या तशी कागदावर उतरवली की 'कोण पुढे, कोण मागे' याची ती केवळ नोंद होऊन बसते. अशा विश्वावर आधारित कथेत वाचकाला गुंतवून ठेवणारी उत्कंठा कोठून निर्माण होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात काही गेम व चित्रपटांच्या आधारे केले आहे. शर्यतीत क्रमांकापेक्षा अधिक मोलाचे काहीतरी पणाला लागलेले असावे आणि तो पण त्या विश्वाच्या नियमांतूनच उपजलेला असावा, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. खेळातील समतोल व कथेतील उत्कंठा

निन्टेन्डो कंपनीच्या 'सुपर मारिओ कार्ट' (१९९२) या गेमपासून सुरू झालेल्या मालिकेत मागे पडलेल्या स्पर्धकाला अधिक प्रभावी साधने मिळण्याची शक्यता जास्त ठेवलेली असते. 'मारिओ कार्ट ६४' (१९९६) मध्ये आलेले निळे काटेरी कवच तर थेट आघाडीवरील स्पर्धकाचा माग काढून त्याच्यावर आदळते. अनेक शर्यतीच्या गेममध्ये संगणक चालवीत असलेले प्रतिस्पर्धी फार मागे राहू नयेत, अशीही योजना असते. तिला 'रबर बँडिंग' म्हणतात. नवशिका आणि सराईत यांना एकत्र खेळता यावे व शेवटपर्यंत चुरस राहावी, हा या साऱ्यामागील हेतू होय.

कथेत मात्र हीच योजना घातक ठरू शकते. नायिका मागे पडली आणि ऐनवेळी तिला हवे ते साधन सापडले, तर वाचकाला त्यात दैवाऐवजी लेखकाचाच हात दिसतो. यावर उपाय असा की, नियम वाचकाला शर्यतीपूर्वीच कळावा आणि पात्रांनीही तो जाणून वागावे. निळे कवच आघाडीवीरावरच येते हे ठाऊक असलेली स्पर्धक शेवटच्या फेरीत हेतुपुरस्सर दुसऱ्या क्रमांकावर राहते, तेव्हा तिचा धूर्तपणा, संयम आणि भीती एकाच कृतीतून प्रकट होतात. जो नियम खेळात केवळ समतोल साधतो, तोच कथेत स्वभावदर्शनाचे साधन होतो.

२. नियमातून उपजणारा पण

या दृष्टीने डिस्नेचा 'रेक-इट राल्फ' (२०१२, दिग्दर्शक रिच मूर) हा चित्रपट अभ्यसनीय आहे. त्यातील 'शुगर रश' या मिठाईच्या विश्वात दिवसाचे खेळ संपल्यावर स्पर्धक आपापसांत शर्यत लावतात. प्रवेशशुल्क एक सुवर्णनाणे. पहिल्या नऊ स्पर्धकांना दुसऱ्या दिवशी ग्राहकांच्या निवडीसाठी पडद्यावर स्थान मिळते. म्हणजे पराभवाचा अर्थ एक दिवस अदृश्य राहणे असा होतो. व्हॅनेलोपी ही मुलगी 'ग्लिच', म्हणजे आज्ञावलीतील दोष, मानली जाते आणि तिला शर्यतीत भागच घेऊ दिला जात नाही.

येथे दुसरा नियम कथेला वळण देतो. ग्लिच असलेल्या पात्राला आपला गेम सोडून जाता येत नाही. व्हॅनेलोपी पडद्यावर आली आणि ग्राहकांना गेम बिघडलेला वाटला, तर यंत्र बंद केले जाईल. इतर पात्रे पळून जातील, ती मात्र नष्ट होईल. हे ऐकताच राल्फ स्वतः तिच्यासोबत तयार केलेली गाडी तिच्यासमोर फोडतो. ज्या शर्यतीत तिने जिंकावे असे प्रेक्षकाला वाटत होते, तिच्यातच तिने उतरू नये असेही आता वाटू लागते. ही द्विधा वेगाच्या वर्णनाने साधली नसती. ती दोन नियमांच्या टकरीतून जन्मली आहे.

चित्रपटाचा शेवटही बोलका आहे. शर्यत मध्येच मोडते, स्पर्धक पांगतात आणि व्हॅनेलोपी अंतिम रेषा ओलांडते तेव्हा तिच्याशी स्पर्धा करणारे कोणीच नसते. तरीही तो कथेचा उत्कर्षबिंदू ठरतो, कारण ती रेषा ओलांडताच गेम पूर्ववत होतो आणि तिचे हिरावलेले स्थान तिला परत मिळते.

३. शर्यतीच्या प्रसंगाची रचना

'एफ-झिरो एक्स' (१९९८) या गेममध्ये एकाच शर्यतीत ३० यंत्रे धावतात. कथेत इतक्या स्पर्धकांचा हिशेब ठेवणे वाचकाला अशक्य असते. नायकासह दोन-तीन स्पर्धकांना चेहरा द्यावा व उरलेल्यांना वाटेतील अडथळ्यांचे स्थान द्यावे, हे इष्ट. याच गेममधील आणखी एक योजना लेखकाला उपयुक्त आहे. पहिली फेरी संपल्यावर स्पर्धकाला अतिरिक्त वेग घेता येतो. परंतु तो वेग यंत्राची ऊर्जा खर्च करतो आणि तीच ऊर्जा यंत्राला आघातांपासून वाचवीत असते. वेग हवा तर सुरक्षितता गहाण ठेवावी लागते. अशा व्यवहारामुळे प्रत्येक सरळ रस्त्यावर पात्रापुढे निर्णय उभा राहतो आणि वर्णनाला आपोआप नाट्य लाभते.

फेऱ्यांचाही असाच उपयोग होतो. पहिल्या फेरीत वाचकाला मार्ग दाखवावा, दुसरीत एखादा बेत फसावा आणि तिसरीत तेच ओळखीचे वळण नव्या अर्थाने यावे. मार्ग परिचित असल्याने वर्णन आटोपशीर राहते व लक्ष निर्णयावर केंद्रित होते.

४. अपरिवर्तनीयतेचा प्रश्न

गेममध्ये पुन्हा प्रारंभ करण्याची सोय असते; कथेतील हानी मात्र खरी वाटावी लागते. 'रेक-इट राल्फ'मध्ये स्वतःच्या गेमबाहेर मेलेले पात्र पुन्हा जिवंत होत नाही, या एका नियमाने हा प्रश्न सोडवला आहे. तथापि हानीचा वापर करताना लेखकावर जबाबदारीही येते. 'ग्रॅन टुरिस्मो' (२०२३) हा चित्रपट गेम खेळता खेळता प्रत्यक्ष शर्यतपटू झालेल्या यान मार्डनबरो यांच्या जीवनावर आधारित आहे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे २०१५ मध्ये त्यांच्या गाडीला झालेल्या अपघातात एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. चित्रपटात मात्र ही घटना २०१३ च्या ल मान्स शर्यतीतील यशाच्या आधी दाखवली आहे. परिणामी ती नायकाच्या पुनरुत्थानाची पायरी ठरते. या क्रमबदलावर टीका झाली. काल्पनिक विश्वात लिहिणाऱ्यालाही यातून बोध घेता येतो : दुसऱ्याचा मृत्यू केवळ नायकाच्या विजयाला धार आणण्यासाठी योजला, तर कथा हलकी होते.

समारोप

गणेश आणि कार्तिकेय यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कथा मराठी वाचकाला बालपणापासून परिचित आहे. त्या कथेत वेगवान मयूर एकाचा, तर विजय दुसऱ्याचा. कारण गणेशाने माता-पित्यांना प्रदक्षिणा घालून 'पृथ्वी' या शब्दाचा अर्थच बदलला. शर्यतकथेचे मर्म त्यात सामावलेले आहे. नियम सर्वांना समान असतो, पण तो कोण कसा वाचतो यावर माणूस ओळखू येतो. गेमच्या विश्वात नियम आधीच स्पष्ट मांडलेले असतात, ही लेखकाला लाभलेली मोठी अनुकूलता होय. त्या नियमांची किंमत पात्रांना मोजायला लावणे, एवढेच त्याच्या हाती उरते आणि तेच खरे कथालेखन आहे.