गेम खेळलात तुम्ही, फुटेज कुणाचं?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. समजा, तुम्ही तो खेळून व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात. खेळलात तुम्ही, पण त्यातली चित्रं, संगीत बनवणाऱ्यांचंच. ‘क्रेडिट दिलं की झालं’ असं नसतं, परवानगी लागते. बऱ्याच कंपन्या ती अटींसकट वेबसाइटवरच देऊन ठेवतात, २०१८ पासून निन्टेंडोसुद्धा. तेवढं आधी वाचा.

गाण्यांचा हक्क मात्र वेगळा. गेममधलं गाणं एखाद्या म्युझिक कंपनीचं असेल, तर क्लेम येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जाऊ शकतात. स्ट्राइक त्याहून वाईट: ९० दिवसांत तीन आले की चॅनलच जाऊ शकतं.

म्हणून सेटिंग्जमध्ये गाणी बंद करा आणि स्वतः बोला. नुसत्या फुटेजवर यूट्यूब कमाई नाकारू शकतं.