निपुत्रिकपणा आणि वीर्यपरीक्षा

महसूल खात्यांत कारकुनी करितांना वारसाचे जुने फेरफार आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. मूल नाहीं म्हणून दुसरें लग्न, आणि दुसरीलाही मूल नाहीं म्हणून अखेर दत्तक, असा क्रम त्यांत अनेकदां दिसे. दोघी बायका वांझ ठरल्या. पुरुषाची परीक्षा करावी, हें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

गुरांच्या बाबतींत आपण असे आंधळे नसतों. पलूस, भिलवडी, कुंडल या बाजूस गाय दोनतीनदां उलटली, तर कांडी कोणत्या वळूची, ती नीट वितळविली काय, हें आपण विचारतों. वळूचें रेत सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्याखेरीज कांडींत भरीतच नाहींत. मनुष्याच्या वीर्याचीही अशीच परीक्षा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणें एका मिलिलिटरांत १ कोटि ६० लक्ष शुक्रजंतु व त्यांपैकीं शेंकडा ४२ हालचाल करणारे, ही खालची मर्यादा धरितात. आंकडा याहून कमी आला म्हणजे मूल होणारच नाहीं, असें नव्हे. परीक्षा पुन्हां करावी लागते.

आतां प्रयोगशाळेंत वीर्य ‘सुधारतात’ असें म्हणतात, त्याचा अर्थ समजून घ्यावा. भाताचें बीं पेरण्यापूर्वीं १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत सोडतात. पोचट तरंगतें, भरीव तळाशीं बसतें. आपल्याकडे भात थोडा, पण शिराळ्याकडील मंडळी हें जाणतात. प्रयोगशाळेंतही दाट व विरळ द्रवांचे थर नळींत रचून वर वीर्य घालतात आणि नळी यंत्रांत वेगानें फिरवितात. पक्व जंतु दाट थर भेदून तळाशीं जातात. मेलेले जंतु व इतर कचरा वरच अडकतो. दुसरी रीत उलटी आहे. वीर्यावर पोषक द्रव हलकेच सोडून शरीराइतक्या उबेंत सुमारें तासभर ठेवितात. जे जोमदार, ते स्वतःच वर पोहून येतात. निवडलेले जंतु गर्भाशयांत सोडतात. फारच थोडे असल्यास एकच जंतु सुईनें स्त्रीबीजांत घालतात. या रीतीनें पहिलें मूल १९९२ सालीं ब्रुसेल्स येथें जन्मलें. शरीराबाहेर गर्भ धरविण्याची विद्या मात्र मुंबईच्या केईएम रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीं १९८६ सालींच यशस्वी करून दाखविली होती.

ही सर्व निवड झाली. पोचट दाणा भरीव करण्याचें सामर्थ्य मिठाच्या पाण्यांत नाहीं. पीक सुधारावयाचें तें शेतांतच. शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात, म्हणून आज तंबाखू सोडल्यास तिचा गुण तीन महिन्यांनीं पाहावा. अंग भरावें म्हणून कांहीं तरुण पुरुषी संप्रेरकांचीं इंजेक्शनें घेतात; त्यांनीं जंतूंची उत्पत्तीच थांबूं शकते. फवारणींत हातमोजे व मास्क टाळणाऱ्या द्राक्षबागाइतदारांनीं हेंही ऐकावें: १९७७ सालीं कॅलिफोर्नियांत डीबीसीपी हें सूत्रकृमिनाशक बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगार निर्बीज झाल्याचें आढळलें.

परीक्षेपूर्वीं दोन ते सात दिवस ब्रह्मचर्य पाळावें. नमुना शक्यतों दवाखान्यांतच द्यावा. घरून न्यावयाचा झाल्यास दवाखान्यानें दिलेल्या स्वच्छ डबींत, अंगाच्या उबेला आंतल्या खिशांत ठेवून, तासाभराच्या आंत पोंचवावा. वळूच्या कांडीप्रमाणें समजून कोणीं तो बर्फांत घालूं नये.