नियंत्रणपेटीतील चिप बाजारात मिळत नसेल तर

विहिरीवरील किंवा कूपनलिकेवरील विद्युत पंपाला आपोआप चालणारी नियंत्रणपेटी, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील 'ऑटो', बसविण्याची प्रथा आता गावोगाव रूढ झाली आहे. रात्री-अपरात्री वीज आल्यावर पंप सुरू करणे, तीनपैकी एक फेज गेल्यास तो थांबविणे, पाणी तळाला गेल्यास मोटार कोरडी चालू न देणे, ही कामे ही पेटी करते. पुष्कळ पेट्यांत हा कारभार मायक्रोकंट्रोलर नावाच्या एका चिपकडे सोपविलेला असतो. पेटी काही वर्षे बिनतक्रार चालते आणि एके दिवशी, बहुधा पिकाला पाण्याची निकड असतानाच, बंद पडते. दुरुस्तीवाला सांगतो की, या चिपचे उत्पादन थांबले आहे, आता नवी पेटीच घ्यावी लागेल. हे म्हणणे दर वेळी खरे असतेच असे नाही, आणि ते पारखून घेतल्यावाचून पेटी मोडीत काढणे इष्ट नव्हे.

दोष खरोखर चिपचाच आहे काय?

चिप स्वतः निकामी होण्याचे प्रसंग त्यामानाने थोडे. रिलेचे संपर्क काळे पडणे, कपॅसिटर फुगणे, वीजपुरवठा स्थिर ठेवणारा भाग जळणे, किंवा पेटीत पाल अथवा मुंग्या शिरून बोर्डावर ओल व घाण साचणे, हीच कारणे अधिक वेळा आढळतात. तपासणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि मुख्य स्विच पाडून फ्यूज काढल्याखेरीज पेटीत हात घालू नये. ज्या मापनासाठी वीज चालू ठेवावी लागते ते इतर कोणी करू नये. चाळीस पायांची नेहमीची चिप असेल, तर विसाव्या व चाळिसाव्या पायांमध्ये सुमारे ५ व्होल्ट दाब मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर दोष चिपकडे येणाऱ्या पुरवठ्यात शोधावा.

तोपर्यंत पिकाचे पाणी थांबवू नये. पंप हाताने चालविण्याच्या स्टार्टरवर घ्यावा. मात्र त्या काळात फेज जाण्यापासून किंवा कोरडे चालण्यापासून पेटीने दिलेले संरक्षण राहत नाही, म्हणून पंपाजवळ माणूस असणे अवश्य आहे.

चिप आणि तिच्यातील आज्ञावली

चिपच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत व अंकांत तिचा क्रमांक छापलेला असतो. तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा; शक्य तर मोबाइलवर छायाचित्र काढावे. शेजारी चार अंकी आकडा असल्यास तो बहुधा निर्मितीचे वर्ष व आठवडा दर्शवितो, उदाहरणार्थ ०४२३ म्हणजे २००४ सालचा तेविसावा आठवडा.

८०५१ या कुळाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. इंटेल कंपनीने हे कूळ १९८० मध्ये बाजारात आणले व २००७ मध्ये स्वतःचे उत्पादन थांबविले. परंतु तोवर इतर अनेक कंपन्या त्याच रचनेच्या चिप तयार करू लागल्या होत्या. त्यांपैकी ॲटमेल कंपनीची एटी८९सी५१ ही चिप आपल्याकडे फार खपली. पुढे ही चिप नव्या यंत्रात वापरू नये, तिच्या जागी एटी८९एस५१ वापरावी, असे कंपनीनेच माहितीपत्रकात छापले. ॲटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिप कंपनीच्या ताब्यात गेली. याचा अर्थ एवढाच की, एका क्रमांकाचे उत्पादन थांबले म्हणून सगळे कूळ बुडाले असे होत नाही.

एटी८९एस५१ चे पाय तितकेच, त्याच क्रमाने असतात आणि जुनी आज्ञावली तिच्यावर चालते. एटी८९एस५२ हिची स्मृती दुप्पट, म्हणजे ८ किलोबाइट आहे. तीही ५१ च्या जागी चालते. उलट, ५२ साठी लिहिलेली आज्ञावली ५१ मध्ये मावेलच असे नाही, कारण तिच्यात ४ किलोबाइटच जागा असते व तिसरा टायमर नसतो.

खरी अडचण पुढेच आहे. दुकानातून आणलेली चिप कोऱ्या वहीसारखी असते. पंप केव्हा सुरू करावा व केव्हा थांबवावा हे सांगणारी आज्ञावली पेटी बनविणाऱ्याने जुन्या चिपमध्ये भरलेली असते. ती सहसा कुलूपबंद असते, त्यामुळे वाचून तिची नक्कल करता येत नाही. कुलूप काढू गेल्यास आज्ञावलीही पुसली जाते. तेव्हा प्रथम पेटी बनविणाऱ्यालाच लिहावे. पेटीचा नमुना, अनुक्रमांक, खरेदीचे वर्ष व चिपचा क्रमांक कळवून आज्ञावली भरलेली चिप मागवावी. गावात त्याच नमुन्याच्या पाच-सहा पेट्या असतील, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्या सर्वांच्या वतीने एकच पत्र धाडावे. एकट्या शेतकऱ्याच्या पत्राला उत्तर मिळायला वेळ लागतो, हा अनुभव नवा नाही.

निर्मात्याने व्यवसायच बंद केला असेल, तर जवळच्या तंत्रनिकेतनाकडे विचारणा करावी. ८०५१ हे कूळ तेथील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकविले जात आले आहे. फेजवर नजर ठेवणे, पाण्याची पातळी पाहणे व वेळ मोजणे एवढ्या कामाची आज्ञावली नव्याने लिहिणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्यासाठी पेटी कोणत्या क्रमाने काय करीत असे, किती वेळ थांबून पंप सुरू करीत असे, हे शेतकऱ्याने आठवून सविस्तर सांगितले पाहिजे. येथे शेतकऱ्याचे निरीक्षण कोणत्याही माहितीपत्रकाहून मोलाचे ठरते.

बदली चिप घेताना

स्वस्त म्हणून अनोळखी ठिकाणची चिप घेऊ नये. जुन्या बोर्डावरून काढलेल्या किंवा पाठ घासून नवा क्रमांक छापलेल्या चिप बाजारात येतात. पायांवर जुन्या डागाच्या खुणा दिसल्यास ती परत करावी.

वेगाची बाब अधिक नाजूक आहे. मूळ ८०५१ चिप क्रिस्टलच्या बारा ठोक्यांत कामाची एक पायरी पुरी करते; १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असल्यास सेकंदाला १० लाख पायऱ्या होतात. त्याच कुळातील काही नव्या चिप एका ठोक्यातच पायरी उरकतात. ऐकायला हे चांगले वाटते, परंतु जुन्या आज्ञावलीने पायऱ्या मोजून वेळ ठरविली असेल तर घोटाळा होतो. कोरडी मोटार थांबविल्यावर विहिरीत पाणी साठावे म्हणून पेटी अर्धा तास थांबत असेल, तर अशा चिपवर तो अवधी काही मिनिटांवर येतो. पाणी साठण्यापूर्वीच मोटार पुन्हा-पुन्हा सुरू होते आणि शेवटी जळते. चिपच्या खर्चात वाचविलेले पैसे मोटार बांधून घेण्यात अनेक पटींनी जातात.

चिप बोर्डावर थेट न डाखता सॉकेटमध्ये बसवून घ्यावी. चिपच्या एका टोकाची खाच जुन्या चिपच्या खाचेच्या दिशेलाच आली पाहिजे. उलट बसल्यास नवी चिप वाया जाते. पेटी पुन्हा जोडल्यावर वायरमनकडून प्रथम मोटारीच्या तारा सोडवून वीज द्यावी आणि घड्याळ हाती घेऊन नुसत्या कॉन्टॅक्टरची उघडझाप पाहावी. एक फेज काढून पाहावी, पाण्याच्या पातळीची तार वर उचलून पाहावी. पेटीने प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टर सोडला आणि थांबण्याचा अवधी पूर्वीइतकाच भरला, म्हणजे मोटारीच्या तारा जोडाव्यात.