पासवर्ड माझ्याकडे नको

निपाणीत मी सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो. तंबाखूच्या वखारी, सराफी दुकानं, आता घरंसुद्धा. जोडणी झाली की मालक हमखास म्हणतात, "पासवर्ड तूच ठेव की रे, आम्हांला काय कळतंय त्यातलं?" विश्वासानं म्हणतात. पण ज्याच्याकडे पासवर्ड, त्याला त्यांच्या घरातली ऊठबस दिसते. म्हणून नवा पासवर्ड मी त्यांच्याच हातानं टाकून घेतो आणि माझ्या मोबाईलवरचं त्यांचं खातं त्यांच्यासमोर काढतो. हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. वायर ओढणं नंतर.

मोठ्या कंपन्यांतही प्रश्न माणसांचाच. अमेरिकेतल्या रिंग या कॅमेरा कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं २०१७ मध्ये कित्येक महिने ग्राहक महिलांच्या खासगी खोल्यांतली हजारो चित्रणं पाहिली. सहकारी बाईनं तक्रार केली, तर वरिष्ठानं आधी ती उडवून लावली: इंजिनिअरनं इतकी खाती बघणं नेहमीचंच! कर्मचाऱ्याच्या गुन्ह्यापेक्षा वरिष्ठाची ही बेफिकिरी मला जास्त भयंकर वाटते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२३ मध्ये कारवाई केली आणि कंपनीला ५८ लाख डॉलर मोजावे लागले.

आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहितीची नीट राखण न करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण तुमच्या घराची चावी आधी तुमच्याच हाती हवी. कॅमेरा बसवणारा दाराबाहेर पडण्याआधी पासवर्ड स्वतः बदला, आणि झोपायच्या खोलीत कॅमेरा लावूच नका.