अशक्तपणा वाटतोय? ताकदीच्या गोळीआधी रक्त तपासा

नरसिंहपूर (ता. इंदापूर) : "अंगात ताकदच राहिली नाही डॉक्टर, एक सलाईन लावा." नीरा-भीमा संगमावरच्या नरसिंहपूरपासून बारामतीपर्यंत हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत फक्त २५ ग्रॅम साखर असते. तेवढी ताकद एका भाकरीतूनही मिळते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर सलाईन लागतं, रोजच्या थकव्यावर ते औषध नाही.

मग थकवा कशामुळे?

रक्त कमी असणं, शुगर, थायरॉईड, टीबी अशी कारणं असू शकतात. हिमोग्लोबिन महिलांमध्ये १२, गरोदरपणात ११ आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेलं तर रक्त कमी समजतात. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी झालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे बघावंच लागतं. नुसती गोळी घेतली की आकडा वाढतो आणि मूळ आजार लपून राहतो.

गोळ्या कशा घ्यायच्या?

लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, घाबरू नका. पण गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं झालं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची गोळी साधारण आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेतली तर किडनीला धोका होऊ शकतो.

तपासणी कुणी करायची?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, काही त्रास नसला तरी. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी मोफत होते. महिलांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणीही आहे. कधी, कुठे जायचं ते गावातल्या आशाताईंना विचारा.

हे दिसलं तर थांबू नका

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला
- मिश्री, तंबाखू, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातली न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा
- स्तनात गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं
- कारण नसताना वजन घटणं

छातीत दुखून घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न बघता लगेच १०८ ला फोन करा.