तत्त्वज्ञान आणि नित्याचा व्यवहार

‘तत्त्वज्ञान’ हा शब्द कानी पडला की, पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एखादा जाडजूड ग्रंथ किंवा संसाराकडे पाठ फिरवून बसलेला एखादा विरक्त पुरुष उभा राहतो. ज्याला शेत नांगरावयाचे आहे, दुकान चालवावयाचे आहे किंवा परीक्षेचा अभ्यास करावयाचा आहे, त्याला या विद्येचा काय उपयोग, असे सहज विचारले जाते. हा समज कितपत खरा आहे, ते आपण पाहू.

तत्त्वज्ञानाचा उगम प्रश्नात आहे. ग्रीस देशातील अथेन्स नगरात सॉक्रेटीस हा विचारवंत भर बाजारात लोकांना गाठून विचारीत असे, “न्याय म्हणजे काय? धैर्य कशाला म्हणावे?” इ. स. पू. ३९९ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. मित्रांनी पळून जाण्याची व्यवस्था केली होती. परंतु आपल्या नगराचा कायदा मोडणे योग्य होईल काय, हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला आणि विषाचा पेला स्वीकारला. विचार आणि आचार यांत त्याने अंतर पडू दिले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असेच उदाहरण आहे. १९३२ साली विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. श्रोते होते कैदी! जीवनाचा अर्थ शोधण्याची गरज विद्वानांपुरती नसते, हेच यावरून दिसते.

आता आपल्या परिसराकडे वळू. गोंदिया जिल्हा हा धानाचा व तलावांचा प्रदेश. येथील अनेक जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, असे सांगतात. पाळ कशी घालावी, पाणी कोठून सोडावे, हे स्थापत्याचे ज्ञान झाले. परंतु पाऊस ओढ देतो, धान निसवण्याच्या वेळी तलावात पाणी थोडे उरते, तेव्हा वेगळेच प्रश्न उभे राहतात. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा? ज्याचे शेत पाळीलगत आहे त्याचा, की ज्याचे शेत शेवटी आहे त्याचाही तितकाच? मला पुरेसे म्हणजे किती? या प्रश्नांची उत्तरे कुदळ-फावड्याने मिळत नाहीत. न्याय, गरज व कर्तव्य यांचा विचार केल्यावाचून गत्यंतर नसते; आणि हा विचार करणारा शेतकरी, त्याला ते नाव ठाऊक असो वा नसो, तत्त्वज्ञानच करीत असतो.

१९५१ साली मालगुजारी पद्धती नष्ट झाली आणि हे तलाव शासनाच्या ताब्यात आले. ती पद्धती जाणे न्यायाचेच होते. परंतु पुढे कित्येक तलावांत गाळ साचत गेला व त्यांत पाणी मावेनासे झाले. याची कारणे अनेक आहेत. त्यांत ‘जे माझे नव्हे, त्याची काळजी मी का वाहावी?’ ही वृत्तीही असते. नीट पाहिले तर हेसुद्धा एक तत्त्वज्ञानच आहे. मात्र ते न तपासता स्वीकारलेले. ‘जे सर्वांचे, ते माझेही’ हा विचार गावाने पत्करला, तर गाळ काढण्यास हात पुढे येतात. एका विचाराने तलाव बुजतो, दुसऱ्याने तो भरतो!

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक मनुष्य कोणत्या ना कोणत्या तत्त्वाने वागतच असतो. कोणी ते डोळसपणे निवडतो, तर कोणी गतानुगतिकतेने उचलतो, इतकाच भेद. परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरे पाहावी की नाही, मित्राने केलेला अन्याय झाकावा की सांगावा, असे प्रसंग तुमच्याही वाट्यास येतात. अशा वेळी क्षणभर थांबून विचारावे: हे सत्य आहे काय? सर्वांनी असेच वागलेले मला चालेल काय? याचे फळ कोणास भोगावे लागेल?

तत्त्वज्ञान पोट भरीत नाही, हे खरे. परंतु मिळालेली भाकर कशी वाटून खावी, हे तेच शिकविते. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते, ते केवळ उतारामुळे नव्हे. पहिल्या शेताच्या धन्याने आपले बांध वेळीच बंद केल्यामुळेही.